संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे मोठी करताना

पडद्यावरचे अक्षर बारीक दिसते, अशी तक्रार घरातील वडीलधाऱ्या माणसाने केली की बहुतेक घरांत त्यावर एकच उपाय होतो. घरातला कोणी जाणता मुलगा डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये शिरतो, रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील ठिपक्यांची संख्या, दोन पायऱ्यांनी खाली आणतो आणि ‘झाले मोठे’ असे सांगून उठतो. अक्षरे मोठी होतात यात शंका नाही. पण त्यांच्या कडा विरलेल्या असतात, आणि आठवडाभराने तेच वडीलधारे माणूस चष्म्याचा नंबर वाढला की काय, या शंकेने नेत्रतज्ज्ञाकडे जाते. अक्षरे मोठी करण्याचे चार वेगवेगळे मार्ग संगणकात आहेत आणि रिझोल्यूशन कमी करणे हा त्यांपैकी एकही नव्हे. पुढील विवेचनात विंडोज ११ गृहीत धरले आहे. विंडोज १० मध्ये जेथे नावे वेगळी आहेत, तेथे ती सांगितली आहेत.

रिझोल्यूशनला हात का लावू नये

जुन्या, पेटीसारख्या मॉनिटरवर रिझोल्यूशन बदलणे निरुपद्रवी होते, कारण तेथे चित्राचे ठिपके काचेवरच्या ठरावीक जाळीला बांधलेले नसत आणि किरण जसा फिरवावा तसे चित्र उमटे. आजच्या सपाट पडद्यावर पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची, संख्या कारखान्यातच ठरलेली असते. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्याला १३६६ × ७६८ चे चित्र दाखवायला सांगितले, तर चित्रातील एका ठिपक्याच्या वाट्याला पडद्यावरचे आडवे आणि उभे साधारण १.४ ठिपके येतात. ठिपका तर तोडता येत नाही, म्हणून शेजारच्या ठिपक्यांना थोडाथोडा करडा रंग देऊन वेळ मारून नेली जाते. रोमन अक्षरे हा अन्याय एक वेळ सोसतात. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्यांतील ओळख पटवणारा सगळा फरक शिरोरेषेच्या डाव्या टोकाशी असलेल्या फटीत आणि गाठीत साठवलेला आहे, आणि धूसरपणात सर्वांत आधी बुजते ती हीच फट. ‘भरण’ आणि ‘मरण’ यांत गल्लत होऊ लागली, की रिझोल्यूशन कोणीतरी खाली आणले आहे असे समजायला हरकत नाही.

म्हणून पहिले काम तपासणीचे. विंडोज कळ आणि आय ही कळ एकत्र दाबल्यास सेटिंग्ज उघडते. तेथे सिस्टिम आणि मग डिस्प्ले निवडावे. डेस्कटॉपवरील मोकळ्या जागेत माऊसचे उजवे बटण दाबून डिस्प्ले सेटिंग्ज निवडले, तरी त्याच पानावर पोहोचता येते. ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’च्या यादीत ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिले असेल तोच निवडलेला असावा. तो निवडताच विंडोज हा बदल ठेवायचा का असे विचारते आणि १५ सेकंदांत उत्तर मिळाले नाही तर पूर्वीची स्थिती आणते. त्यामुळे चुकीचा आकडा निवडला जाऊन पडदा काळा झाला, तरी काही न करता स्वस्थ बसून राहणे हाच उत्तम उपाय होय.

स्केल : मुख्य उपाय

त्याच पानावर ‘स्केल’ नावाची नोंद असते. रिझोल्यूशन पूर्ण ठेवून त्यावरील अक्षरे, चिन्हे, बटणे आणि खिडक्यांच्या चौकटी एकाच प्रमाणात मोठ्या काढण्याचे काम ती करते. अक्षर जास्त ठिपके वापरून नव्याने रेखले जाते, म्हणून ते मोठे होऊनही रेखीव राहते. यादीत १००, १२५, १५०, १७५ टक्के अशा पायऱ्या असतात आणि त्यांतील एकीपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेले असते. पायरी निवडताच बदल दिसतो. काही कार्यक्रम (प्रोग्रॅम) मात्र बंद करून पुन्हा उघडावे लागतात, आणि त्यानेही भागले नाही तर एकदा साइन आउट करून परत यावे.

या टक्क्यांचा अर्थ समजून घेतला तर आपला आकडा निवडणे सोपे जाते. विंडोजच्या हिशेबात १०० टक्के म्हणजे एका इंचात ९६ ठिपके, १२५ टक्के म्हणजे १२० आणि १५० टक्के म्हणजे १४४. आता १५.६ इंचांचा, १३६६ × ७६८ पिक्सेलचा जुना लॅपटॉप घेतला तर त्यावर इंचाला सुमारे १०० ठिपके बसतात, म्हणजे १०० टक्क्यांवर अक्षर जवळजवळ ठरल्या मापाचे दिसते. त्याच लांबीरुंदीच्या नव्या लॅपटॉपचा पडदा १९२० × १०८० चा असेल तर इंचाला सुमारे १४१ ठिपके होतात आणि १०० टक्क्यांवरचे तेच अक्षर मापाने सत्तर टक्क्यांवर येते. नवा लॅपटॉप घेतल्यापासून डोळे बिघडले, असे सांगणाऱ्या अनेकांचे डोळे पूर्वीइतकेच चांगले असतात. ठिपके तेवढे दाट झालेले असतात. १४ इंची पडद्यावर, याच रिझोल्यूशनला, इंचाला १५७ ठिपके येतात, म्हणून तेथे १५० टक्के हीच मुळात रास्त सुरुवात आहे. याउलट टेबलावरच्या २४ इंची मॉनिटरवर तेच पिक्सेल इंचाला ९२ या दराने पसरलेले असतात. तेथे १०० किंवा १२५ टक्के बहुधा पुरतात.

आकडा ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे. पाठ खुर्चीला टेकवून, पडदा हातभर अंतरावर ठेवून, नेहमीचा चष्मा लावून बसावे आणि एखाद्या मराठी वृत्तपत्राचे पान उघडून त्यातील बातमीचा मजकूर वाचावा. मथळे वाचून काही कळत नाही, कारण ते कोणालाही वाचता येतात. मान पुढे न काढता ज्या पायरीवर वाचता येते, तिच्या वरची पायरी निवडावी. कष्टाने वाचता येणे आणि आरामात वाचता येणे यांत एका पायरीचे अंतर असते, आणि सकाळी तरतरीत असलेला डोळा संध्याकाळी तसा राहत नाही. येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. पुस्तकासाठी केलेली चाळिशी साधारण ४० सेंटिमीटरवरचे वाचण्यासाठी बेतलेली असते आणि पडदा त्याहून बराच दूर असतो. चष्मा असूनही माणूस पडद्याकडे झुकत असेल तर काही वेळा दोष अक्षराच्या आकाराचा नसून चष्म्याच्या अंतराचा असतो, आणि त्यावर स्केलचा उपाय अर्धाच लागू पडतो.

स्केल वाढवण्याची किंमत जागेच्या रूपाने चुकवावी लागते. १९२० × १०८० च्या पडद्यावर १५० टक्के केले की कामाला उरलेली जागा १२८० × ७२० इतकी होते, आणि १७५ टक्क्यांवर तर जुन्या पद्धतीच्या हिशेबाच्या किंवा अर्ज भरण्याच्या कार्यक्रमांत खालचे ‘ओके’ बटण टास्कबारच्या मागे जाऊन बसते. अशा वेळी स्केल एक पायरी खाली आणून उरलेली कसर पुढे सांगितलेल्या दुसऱ्या मार्गाने भरून काढणे शहाणपणाचे ठरते.

स्केलच्या नोंदीवर टिचकी मारून आत गेल्यास ‘कस्टम स्केलिंग’ ही सोय दिसते. तेथे १०० ते ५०० मधील कोणताही आकडा लिहिता येतो, मग साइन आउट करावे लागते. १०० बारीक आणि १२५ मोठे वाटत असेल तर ११० किंवा ११५ लिहिण्याचा मोह होतो, पण मी तो टाळण्याचा सल्ला देईन. हा आकडा जोडलेल्या सर्व पडद्यांना सरसकट लागू होतो, अनेक जुने कार्यक्रम अशा आडनिड्या प्रमाणाला नीट जुळवून घेत नाहीत, आणि चुकून ३५० लिहिले गेले तर तो बदल मागे घेण्याचे पानच पडद्यावर मावेनासे होते. तो आकडा काढून टाकण्यासाठी त्याच पानावर कस्टम स्केलिंग बंद करून साइन आउट करण्याचा पर्याय दिलेला असतो.

फक्त अक्षरे मोठी करणे

चिन्हे आणि बटणे आहेत तशी चालतात, अक्षरे तेवढी बारीक आहेत, असे वाटत असेल तर सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि त्यातील ‘टेक्स्ट साइज’ येथे जावे. विंडोज १० मध्ये हीच सोय ‘ईज ऑफ ॲक्सेस’च्या ‘डिस्प्ले’ पानावर सर्वांत वर आहे. सरकपट्टी १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत जाते आणि ती हलवताना नमुन्याचा मजकूर लगेच मोठा होताना दिसतो. मात्र ‘ॲप्लाय’ दाबेपर्यंत प्रत्यक्षात काहीही बदलत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि ते ‘करून पाहिले, उपयोग झाला नाही’ असे सांगतात.

ही वाढ स्केलच्या वर चढते. स्केल १२५ आणि अक्षरांचा आकार १२० टक्के ठेवला तर विंडोजच्या मेनूतील अक्षर मूळच्या दीडपट होते, चिन्हे मात्र सव्वापटच राहतात. म्हणून आधी स्केल ठरवावे आणि टेक्स्ट साइजची भर नंतर, थोडीथोडी घालावी. स्टार्ट मेनू, सेटिंग्ज, फायलींची नावे, खिडक्यांचे मथळे या विंडोजच्या स्वतःच्या अंगांवर परिणाम चांगला होतो, पण बाहेरून घेतलेले सगळेच कार्यक्रम या सूचनेला जुमानत नाहीत.

ॲक्सेसिबिलिटीमध्येच माऊसच्या पॉइंटरचा आकार १ ते १५ या पट्टीवर वाढवता येतो आणि त्याला ठसठशीत रंग देता येतो. अक्षरांकडे सगळे लक्ष देतात आणि पॉइंटर विसरतात. वास्तविक मोठ्या पडद्यावर ‘बाण कुठे गेला’ याच शोधात निम्मा वेळ जातो. टाईप करताना लुकलुकणारी उभी रेघ दिसत नसेल तर ‘टेक्स्ट कर्सर’ या पानावर तिची जाडी वाढवावी.

ब्राउझर आणि वर्ड यांतील झूम

बहुतेकांचे वाचन ब्राउझरमध्ये होते आणि तेथे संपूर्ण संगणकाला हात लावण्याची गरजच नसते. कंट्रोल कळ दाबून अधिकची कळ दाबली की पान मोठे होते, उणेची दाबली की लहान होते आणि शून्य दाबले की मूळ आकारावर येते. कंट्रोल दाबून माऊसचे चाक फिरवले तरी तोच परिणाम होतो. क्रोममध्ये झूम २५ ते ५०० टक्के इतका करता येतो आणि प्रत्येक संकेतस्थळासाठी तो वेगळा लक्षात ठेवला जातो, म्हणजे बँकेच्या पानाला १५० आणि वृत्तपत्राला १२५ असे एकदाच ठरवून ठेवता येते. सर्व पानांना एकच आकार हवा असल्यास क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘अपिअरन्स’ या भागात ‘पेज झूम’ बदलावा. तेथेच ‘कस्टमाइज फॉन्ट्स’मध्ये अक्षराचा किमान आकार ठरवण्याची सरकपट्टी आहे, आणि मराठी वाचणाऱ्यांनी तिचा उपयोग अवश्य करावा, असे मला वाटते, कारण छायाचित्रांखालच्या ओळी रोमन अक्षरांच्या अंदाजाने ठरवलेल्या आकारात छापलेल्या असतात आणि देवनागरीला तेवढ्याच उंचीत वर वेलांटी व मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर बसवावे लागते. फायरफॉक्समध्ये चित्रे तशीच ठेवून केवळ मजकूर मोठा करण्याची ‘झूम टेक्स्ट ओन्ली’ ही जास्तीची सोय आहे.

वर्डमध्ये झूमची पट्टी खाली उजव्या कोपऱ्यात असते आणि ती १० ते ५०० टक्के इतकी फिरते. झूम हा केवळ पाहण्याचा आकार आहे, छपाईवर त्याचा परिणाम होत नाही. अक्षराचा आकार म्हणजे फॉन्ट साइज बदलली तर मात्र कागदावरचे अक्षर बदलते. आमच्या आत्यांनी सोसायटीच्या सभेची सूचना नीट दिसावी म्हणून २२ आकाराच्या अक्षरांत टाईप केली होती. पडद्यावर ती सुरेख दिसली आणि छापायला दिली तेव्हा एका पानाच्या सूचनेचे चार कागद झाले. अक्षर १२ किंवा १४ वर ठेवावे आणि झूम १५० किंवा ‘पेज विड्थ’ करावा, म्हणजे डोळ्यांचेही भागते आणि कागदाचेही.

पीडीएफ फायलींनाही कंट्रोल आणि अधिक हीच कळजोडी लागू पडते. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ असेल तर ती मुळात छायाचित्र असते. ती कितीही मोठी केली तरी स्कॅन करताना जे टिपले गेले नाही ते दिसू लागत नाही. तेथे संगणकाला दोष न देता चांगली प्रत मागवावी.

मॅग्निफायर म्हणजे भिंग

नकाशावरील गावाचे नाव, पावतीवरचा लांबलचक क्रमांक, चित्रात छापलेली सूचना अशा तात्पुरत्या कामासाठी विंडोजचे भिंग आहे. विंडोज कळ आणि अधिक ही कळजोडी दाबली की ते उघडते, पुन्हा दाबली की आणखी मोठे दाखवते, विंडोज आणि उणे यांनी आकार उतरतो आणि विंडोज व एस्केप यांनी भिंग बंद होते. यातली शेवटची जोडी आधी पाठ करावी. कळफलक पुसताना किंवा नातवंडांच्या हातून भिंग चुकून उघडले जाते, पडदा अवाढव्य होऊन माऊसबरोबर इकडेतिकडे सरकू लागतो आणि संगणक बिघडला, अशी समजूत होऊन तो दुरुस्तीला नेला जातो.

भिंग १०० ते १६०० टक्क्यांपर्यंत जाते. मुळात त्याची प्रत्येक पायरी १०० टक्क्यांची असते, म्हणजे पहिल्याच फटक्यात सारे दुप्पट होते आणि माणूस गोंधळतो. विंडोज, कंट्रोल आणि एम या तीन कळा एकत्र दाबल्यास भिंगाच्या सेटिंग्जचे पान उघडते. तेथील ‘झूम इन्क्रिमेंट’ २५ वर आणावे. त्याच पानावर भिंगाने कशाच्या मागे जावे हे ठरवता येते. बहुतेक जण माऊसची खूण ठेवतात आणि टाईप करू लागले की लिहिण्याची जागा पडद्याबाहेर राहते. म्हणून टेक्स्ट कर्सरचीही खूण करून ठेवावी.

भिंगाच्या तीन तऱ्हा आहेत. कंट्रोल, अल्ट आणि एफ यांनी पूर्ण पडदा मोठा होतो. एफऐवजी एल दाबल्यास माऊसबरोबर फिरणारी चौकट मिळते. डी दाबल्यास पडद्याच्या एका कडेला स्थिर पट्टी येते व तिच्यात मोठे केलेले दिसते, खालचा भाग न हलता मूळ आकारात राहतो. हिशेबाच्या तक्त्यांवर काम करणाऱ्यांना ही पट्टीच सोयीची पडते, कारण पूर्ण पडदा मोठा केला की डावीकडची नावे आणि उजवीकडच्या रकमा एकाच वेळी दिसत नाहीत. पूर्ण पडद्याच्या तऱ्हेत आपण कोठे आहोत हे कळेनासे झाले तर कंट्रोल, अल्ट आणि स्पेसबार दाबावे. क्षणभर सगळा पडदा दिसतो. कंट्रोल, अल्ट आणि आय यांनी रंग उलटतात, म्हणजे पांढऱ्यावर काळ्याऐवजी काळ्यावर पांढरे अक्षर येते. मोतीबिंदूमुळे पांढऱ्या पडद्याचा त्रास होणाऱ्या काही जणांना हे अधिक सुसह्य वाटते. परंतु दिवसभर भिंगातून वाचावे लागत असेल तर स्केल कमी पडते आहे, असाच त्याचा अर्थ आहे.

एखादाच कार्यक्रम धूसर दिसत असेल तर

स्केल वाढवल्यावर बाकी सगळे रेखीव आणि एखादा जुना कार्यक्रम तेवढा अस्पष्ट, असा अनुभव येतो. त्या कार्यक्रमाला मोठे प्रमाण कळतच नसते. विंडोज त्याचे लहान चित्र ताणून मोठे करते. अशा वेळी त्याच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी आणि ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ या वाटेने जावे, खालच्या चौकोनात खूण करावी आणि यादीतून ‘सिस्टिम एनहान्स्ड’ निवडून कार्यक्रम पुन्हा उघडावा. त्याने अक्षरे सुधारली नाहीत तर ‘ॲप्लिकेशन’ निवडून पाहावे. मग अक्षर रेखीव होईल, पण कार्यक्रम मूळच्या लहान आकारात दिसेल. सगळीच अक्षरे किंचित रंगीत किंवा फिकट वाटत असतील तर शोधाच्या पट्टीत ‘क्लीअरटाइप’ लिहून उघडणारे साधन चालवावे. ते मजकुराचे नमुने दाखवून त्यांतील सर्वांत स्पष्ट कोणता हे विचारत जाते. नमुने इंग्रजी असले तरी परिणाम देवनागरीवरही दिसतो.

दोन पडदे, मॅक आणि लिनक्स

लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडला असेल तर डिस्प्लेच्या पानावर वर १ आणि २ असे क्रमांक घातलेले चौकोन दिसतात. ज्या पडद्याचे स्केल बदलायचे त्याच्या चौकोनावर आधी टिचकी मारावी, कारण प्रत्येकाचे स्केल वेगळे असते. प्रोजेक्टरवर लॅपटॉपचेच चित्र दाखवताना, म्हणजे विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडल्यावर, दोन्ही पडद्यांना जमेल असे रिझोल्यूशन घेतले जाते आणि लॅपटॉपवरचे अक्षर तेवढ्यापुरते विरते. ‘एक्स्टेंड’ निवडल्यास हा प्रश्न येत नाही.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधील ‘डिस्प्लेज’ येथे ‘लार्जर टेक्स्ट’ ते ‘मोअर स्पेस’ अशी चढण असते. तेथील भिंग ॲक्सेसिबिलिटीतील ‘झूम’ या नावाखाली चालू करून ऑप्शन, कमांड आणि ८ या कळांनी उघडता-मिटता येते. उबुंटूमध्ये सेटिंग्जच्या ‘डिस्प्लेज’ पानावर स्केल मिळते, १२५ सारख्या मधल्या पायऱ्यांसाठी ‘फ्रॅक्शनल स्केलिंग’ चालू करावे लागते, आणि ॲक्सेसिबिलिटीत ‘लार्ज टेक्स्ट’ आहे.

घरी दुसऱ्या कोणासाठी ही जुळवाजुळव करून देत असाल तर शेवटी ठरलेले स्केलचे आणि टेक्स्ट साइजचे आकडे, तसेच भिंग बंद करण्याची कळजोडी, कागदाच्या चिटोऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवावी. नवा मॉनिटर जोडला की विंडोज त्याला आपल्या मनाचे स्केल देते, आणि तेव्हा तुम्ही गावाला गेलेले असण्याचीच शक्यता जास्त.